न दिसणारा तपकिरी

आमच्या मोजणी ऑफिसात एक काका होते. त्यांना कुणी "किती वाजले?" विचारलं तर ते आधी "कोणत्या स्केलमध्ये?" असं विचारतील, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. मी माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्या टेबलापाशी गेले, तर नवऱ्या मुलाचं गाव, शिक्षण, नोकरी सगळं सोडून त्यांनी विचारलं, "उंची किती?" पाच फूट आठ इंच, मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि समाधानानं मान हलवली. "एकास शंभरात पावणेदोन सेंटिमीटर. चांगलं हाय." आमच्या घरी माझ्या नवऱ्याचं नाव आजही पावणेदोनच आहे.

ते शेतं मोजायचे आणि मी त्यांनी मोजलेल्या शेतांचे नकाशे ट्रेस करायचे. बांधावर दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असले की काका मधोमध छत्री उघडून खाली बसत आणि म्हणत, "आधी मोजू, मग भांडू." मोजणी संपेपर्यंत ऊन असं चढायचं की भांडायला कुणाच्यात जीव उरायचा नाही. त्यांच्या मोजणीवर कुणी बोट ठेवलेलं मी ऐकलं नाही. इंचभर इकडचं तिकडं करा म्हणून गावच्या पुढाऱ्यानं गळ घातली, तर ते टेप त्याच्याच हातात देऊन म्हणत, "तुमी करा. मला येत न्हाई."

त्यांचं घर वसमतच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत होतं. हळदीच्या दिवसांत त्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा पिवळं दिसायचं. एका नकाशावर त्यांची सही राहिली होती, म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेले. काका पडवीत टेबलाशी स्टुलावर, नाकापाशी काहीतरी धरून बसले होते. मला वाटलं घड्याळ दुरुस्त करताहेत. जवळ जाऊन बघते तर चार-पाच सेंटिमीटरचा रणगाडा, आणि काका तीन केसांच्या ब्रशनं त्याच्या पट्ट्यांना गंज लावत होते.

"हा दोन नंबर," नमस्कार-चमत्कार न करता ते म्हणाले. "जर्मनीचा. एकोणचाळीस-चाळीस सालचा. तोफ बघा ह्याची. तोफ कसली, पिचकारीच हाय. आन् हा एक नंबर. ह्याला तर तोफच न्हाई. दोन मशिनगनी घेऊन निघाला होता फ्रान्स जिंकायला."

काकू आतून म्हणाल्या, "सही घे आन् पळ माय. बसलीस तर तुला पट्ट्याच्या कड्या मोजायला लावतील."

मी बसले. आणि पुढची सात वर्षं बहुतेक रविवारी बसत राहिले.

पुण्याच्या भाच्यानं एकदा प्लास्टिकच्या गाड्यांचा डबा पाठवला, तिथून काकांचं हे खूळ सुरू झालं. नुसतं रंगवून काचेच्या कपाटात ठेवायचं खूळ नव्हे. टेबलावर नदी, रस्ता, खेडं मांडायचं, समोरासमोर दोघं बसायचं, फासे टाकायचे आणि पट्टीनं मोजून गाडे पुढे सरकवायचे. बुद्धिबळच म्हणा, फक्त चौकटींच्या जागी मोजणी. हा खेळ परदेशात कुणी काढला ते मला माहीत नाही, पण तो काकांसाठीच काढला असणार.

प्रत्येक गाड्याखाली चिकटवायची जी चौकोनी चकती असते तिला ते पाट म्हणत. "पाहुणा आला तर पाट द्यावा लागतो. गाडा असा उघड्या फरशीवर उभा करायचा न्हाई." सनमायकाच्या तुकड्यावर डिंक, त्यावर वस्त्रगाळ माती, मातीवर वाळकं गवत. माती मात्र कुठलीही चालायची नाही. मोजणीला गेलेल्या प्रत्येक गावाहून ते रुमालात मूठभर माती बांधून आणत आणि औषधाच्या रिकाम्या डब्यांत भरून वर गावाचं नाव आणि गट नंबर लिहीत. एका गाड्याच्या पाटाखाली मी वाचलं, "जवळा बाजार", आणि पुढचा नंबर आमच्या वडिलांच्या शेजारच्या वावराचा होता.

"म्हणजे जर्मन जवळा बाजारपर्यंत आले होते तर," मी म्हटलं.

"आठवडी बाजाराला आले असतील," काका शांतपणे म्हणाले.

एकदा त्यांच्या डोक्यात आलं की फ्रान्समध्ये मे महिन्यात मोहरीसारखी पिवळी फुलं असतात, तेव्हा पाटांवर ती हवीत. पिवळ्या रंगाला वसमतमध्ये काय तोटा? हळद घेतली. पण माती घट्ट बसावी म्हणून त्यांनी या खेपेला डिंकात भिंतीचा चुना कालवला होता, आणि त्या ओल्या चुन्यावर अख्ख्या तुकडीला हळद पेरली. हळदीच्या गावात जन्म काढलेला माणूस. घरोघरी बाया हळदीला चुना लावून कुंकू करत आल्या, हे त्याला पाळण्यापासून ठाऊक. पण खुळात माणसाला आपलं गावसुद्धा आठवत नाही. घटकाभरात बाराच्या बारा पाट लालभडक झाले. काकू परात घेऊन बाहेर आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "आता ओट्या भरा त्यांच्या." काकांनी दोन दिवस टेबलाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाट खरवडायला घेतले, तेव्हा मीही चाकू घेऊन बसले.

पण त्यांचं खरं वेड तपकिरीचं होतं.

त्या काळातले जर्मन गाडे राखाडी, असं सगळं जग समजतं. डब्यातल्या कागदावरही तसंच लिहिलेलं असायचं. काकांनी कुठून कुठून वाचून काढलं होतं की चाळीसच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्यावर दोन भाग गडद राखाडी आणि एक भाग गडद तपकिरी असे पट्टे होते. फोटो काळेपांढरे, आणि दोन्ही रंग इतके गडद, की फोटोत ते एक होऊन गेले. मग पुढच्या लोकांनी ठरवून टाकलं की तपकिरी नव्हताच. काका मोबाइलवर फोटो मोठा करून मला दाखवत. मला राखाडीच दिसायचं. त्यांनाही राखाडीच दिसायचं.

"मग लावता कशाला?"

"फोटोत दिसत न्हाई म्हणून तो नव्हता, असं थोडंच हाय, ताई?"

आणि लावायचे तोही असा पातळ, की गाडा उन्हात तिरपा धरल्याशिवाय कळू नये. मला रंगवायला शिकवताना त्यांचा एकच धडा होता. ब्रश इथून गेला होता हे ब्रशलासुद्धा कळता कामा नये. मी जाड थर दिला की ते स्पिरिटचा बोळा पुढे सरकवत. पुसा, आणि परत. असे मी किती गाडे पुसले त्याला गणती नाही.

गाड्यांवर जर्मन पांढरे क्रॉस काढत, आणि त्याच क्रॉसवर शत्रू नेम धरतो म्हणून सैनिक वर चिखल फासत. काका तेही करत, आमच्याकडच्या चिखलानं. पण त्या लोकांचं ते दुसरं, तिरप्या स्वस्तिकाचं निशाण त्यांनी एकाही गाड्यावर काढलं नाही. "ते माझ्या घरात न्हाई," म्हणाले. मग मी एकदा विचारलंच, की काका, इतके वाईट लोक, त्यांचेच गाडे काहून रंगवता? फ्रेंचांचे रंगवा की.

"फ्रेंच सरांचे हायत," ते म्हणाले. "कुणीतरी त्या बाजूला बसल्याबिगर खेळ व्हत न्हाई. आता सरांसारख्या माणसाला मी तिकडं बसवू का?"

सर म्हणजे आखाडा बाळापूरचे निवृत्त शिक्षक. तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवत. काका एकदा त्यांच्या भावाचं शेत मोजायला गेले होते आणि सरांनी बांधावरच त्यांची एक तारीख दुरुस्त केली, अशी ओळख. तेव्हापासून दर रविवारी सर सकाळच्या बसनं वसमतला येत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दारातून "जयभीम, साहेब," म्हणत, काका "जयभीम, सर, या," म्हणत, आणि पुढचे चार तास दोघं सभ्य माणसं एकमेकांचे रणगाडे जाळत. मला त्यांनी पंच केलं होतं, कारण दोघंही दुसऱ्याला फार सवलत देत. सर म्हणायचे, "तुमचा गाडा झाडामागं हाय, मला दिसत न्हाई." काका म्हणायचे, "दिसतोय सर, मागचा पट्टा बाहेर हाय, मारा." मग मी खाली वाकून, एक डोळा मिटून, खरं काय ते सांगायचं. पिवळ्या लाकडी पट्टीनं मोजायचं आणि मी सांगेन ते शेवटचं. त्या घरात मुद्दाम हरणं ही शिवी होती.

मग सरांचे डोळे गेले. शुगर जुनीच होती. आधी एका डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं, मग दुसऱ्याच्या. नांदेडला, पुढे औरंगाबादला नेऊन आणलं, पण वर्षाच्या आत उजेड-अंधार एवढंच उरलं. सर यायचे बंद झाले. काका दोन रविवार समोरची रिकामी खुर्ची बघत बसले आणि तिसऱ्या रविवारी मला घेऊन बाळापूरला गेले.

सर खाटेवर बसले होते, तसाच इस्त्रीचा शर्ट घालून. काका म्हणाले, चला, नदीचा डाव अर्धा राहिलाय.

"न्हाई साहेब," सर म्हणाले. "आता ते बंद. मला काय दिसत न्हाई. तुमी मला सांगणार गाडा इथं हाय न् तिथं हाय. आन् चार रविवार झाले की तुमी मला जिंकू देणार. तुमच्या मनात नसंल तरी देणार. मला तसलं जिंकायचं न्हाई."

काका उठले. आम्ही परतीची बस धरली. मला माहीत होतं की या माणसाला जगात दोन-अडीच माणसं आहेत, त्यातलं एक आज गेलं. वसमत आल्यावर ते थेट काकूंच्या स्वयंपाकघरात शिरले आणि डबे उघडून बोटांनी चाचपायला लागले.

त्यांनी सगळे पाट नव्यानं केले. एक नंबरच्या पाटाला रवा, दोन नंबरच्याला मोहरी, तीन नंबरच्याला ज्वारीचे दाणे. सरांच्या फ्रेंच गाड्यांना मटकी आणि हरभऱ्याची डाळ. नदीच्या दोन्ही काठांना सुतळी चिकटवली, रस्त्याला बारीक वाळू. पिवळ्या पट्टीवर दर इंचाला करवतीनं खाच पाडली. पहिल्याच आठवड्यात ज्वारीला मुंग्या लागल्या आणि फ्रेंचांच्या आधी त्यांनीच जर्मनांचा फडशा पाडला. मग सगळं पुन्हा करून वर वॉर्निशचे तीन हात मारले. हे करायला दीड महिना गेला आणि तेवढे दिवस काकूंच्या मोहरीच्या डब्यात मोहरी नव्हती.

ते एक गाडा आणि ती पट्टी रुमालात बांधून बाळापूरला घेऊन गेले. सरांनी पाटावरून बोट फिरवलं. "मोहरी," म्हणाले. मग पट्टीच्या खाचा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या आणि सुनेला हाक मारून म्हणाले, रविवारची बस किती वाजता हाय बघ.

सून त्यांना बसमध्ये बसवून द्यायची, मी स्टँडवरून घेऊन यायचे. पहिल्याच रविवारी काकांनी त्यांना हरवलं. दुसऱ्या रविवारी हरवलं. तिसऱ्या रविवारी असं धुतलं की मला वाईट वाटायला लागलं. सर मात्र बसला जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, फार बरं वाटून राहिलं." त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. हरून इतकं सुखावलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

याच सुमाराला काकांनी आपल्या बाराही गाड्यांचा जुना रंग उतरवून टाकला आणि एकेक गाडा नव्यानं रंगवायला घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात गेला.

राखाडी थर पूर्वीसारखाच, श्वासासारखा पातळ. पण वरचा तपकिरी जाड, खरबरीत, जागोजाग गोळा झालेला. कडा उचललेल्या. मी चार वर्षांपूर्वी असं रंगवलं असतं तर स्पिरिटचा बोळा समोर आला असता. वय साठी उलटलेलं, डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, तेव्हा मी स्वतःलाच समजावलं. पण एकदा न राहवून बोलले. म्हटलं, काका, तपकिरी जरा दाटतोय का? मी लावून देऊ?

ते माझ्याकडे बघून हसले. "व्हय ताई. हात जड झालाय थोडा."

"तसंही आता तपकिरी कोण बघतंय," मी म्हटलं. म्हणजे त्यांना बरं वाटावं म्हणून. माणूस कीव करायला लागला की किती मूर्खासारखं बोलतो. ते पुन्हा हसले आणि ब्रश धुवायला उठले. दर रविवारी एक नवा गाडा ते सरांच्या हातात देत. सर तो अंगठ्याखाली कितीतरी वेळ फिरवत बसत. ज्यांना दिसत नाही त्यांची सवय असेल, असं मी समजत होते.

अकरा गाडे झाले आणि काका गेले. सकाळी पडवीत चहाची बशी हातात होती, ती टेबलावर नीट ठेवली आणि गेले. काकू म्हणाल्या, बशीसुद्धा सांडली नाही.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. सर रविवारी येतो म्हणालेत. "एक गाडा तसाच राहिलाय गं. नुसता प्लास्टिकचा. तू करतीस का? मला तो तसा बघवत न्हाई."

मी जीव ओतून तो गाडा केला. त्याचा पाट सुटला होता, तो नवा केला. तीन नंबर होता, म्हणून ज्वारी लावली, खाली आमच्या गावची माती. राखाडीचे दोन हात. काकांची तपकिरीची बाटली उघडली तर तळाशी कचकच, वाळूच पडल्यासारखी. म्हटलं, रंगही म्हातारा झाला. काकूंचं जुनं मलमलचं फडकं घेऊन मी तो गाळला, दोनदा गाळला, आणि काकांनी शिकवला होता तसा, ब्रशलासुद्धा कळू नये असा लावला. उन्हात तिरपा धरून बघितला. मला वाटलं, आज काकांनी बघायला हवं होतं.

रविवारी सर आले. काकांच्या स्टुलाकडे तोंड करून त्यांनी "जयभीम, साहेब," म्हटलं, मग आपल्या खुर्चीवर बसले. मी एकेक गाडा त्यांच्या हातात दिला. ते अंगठा फिरवत, खाली ठेवत. बाराव्याला थांबले. पाट चाचपला, ज्वारी बरोबर होती. मग वरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हा साहेबांचा न्हाई."

"मी केलाय सर. राहिला होता."

"चांगला केलाय," सर म्हणाले. "पण तपकिरी काहून लावला न्हाई?"

"लावलाय सर," मी म्हटलं. माझा आवाज जरा चिडकाच आला असेल. सरांनी माझा हात शोधला, काकांचा एक गाडा माझ्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाले, "डोळे मिटा."

मी डोळे मिटले. अंगठ्याखाली गुळगुळीत राखाडी लागला, मग एक खरबरीत कड, तिच्या आत वाळूसारखा तपकिरी, मग पुन्हा गुळगुळीत. तोफेच्या घुमटावरून उतरून तो पट्टा मागे गेला होता. दोन भाग गुळगुळीत, एक भाग खरबरीत. मोजून.

"मी एकदा बोललो त्यांना," सर सांगत होते. "म्हटलं साहेब, आता तुमच्या तपकिरीचं मला काय? पूर्वी डोळे होते तवाबी उन्हात धरावा लागायचा. ऐकून घेतलं त्यांनी. पुढच्या रविवारी असा गाडा हातात दिला. म्हणले, बघा. आन् मला दिसला, ताई. डोळे होते तवा दिसला न्हाई एवढा नीट दिसला."

मला रडू आवरलं नाही. सात वर्षं त्या माणसाशेजारी बसून मी त्याच्याच तोंडावर म्हटलं होतं, तपकिरी कोण बघतंय. आणि त्यानं आपला हात जड झालाय म्हणून ऐकून घेतलं. ज्या हातानं मला पातळ रंग शिकवला, त्यानं मुद्दाम जाड लावला आणि त्याबद्दल माझी कीवही सोसली.

काकूंनी पदरानं माझे डोळे पुसले आणि न विचारताच दोरीवर वाळत घातलेलं मलमलचं फडकं आणून दिलं. गाळलेली कचकच त्याच्यावर तशीच चिकटून वाळली होती. काकांनी रंगात कालवलेली जाडसर मातीच होती ती. मी ती चमच्यानं खरवडली, बाटलीत परत टाकली, आणखी थोडी माती डब्यातून घेतली आणि ढवळलं. सर म्हणाले, घाई करू नका, माझी बस चारची हाय. मी माझ्या पातळ पट्ट्यांवरूनच जाड ब्रश फिरवला. स्पिरिटचा बोळा पुढे सरकवायला कुणी नव्हतं. पंख्याखाली गाडा वाळेपर्यंत काकूंनी दोनदा चहा केला.

वाळल्यावर तो मी सरांना दिला. त्यांनी घुमटापासून मागपर्यंत अंगठा नेला, तसाच परत आणला आणि गाडा इतर अकरांच्या रांगेत ठेवला.

"झाले बारा," म्हणाले. "आता त्या बाजूला बसा. आन् मला जिंकू देऊ नका."

खाचांची पिवळी पट्टी घेऊन मी काकांच्या स्टुलावर बसले.